ठसका लागला का?

“संध्याकाळपर्यंत ती रडता कामा नये,” श्रीरंग म्हणाला, आणि मुकूने लगेच भोकाड पसरलं.

आम्ही तिघं एका पत्र्याच्या खोलीत उभे होतो. खोली कसली, मालवाहू कंटेनरला खिडकी पाडून आत पलंग ठेवलेला. दारावर सात नंबर. बाहेर गुडघाभर बर्फ, बर्फापलीकडे तेलविहीर खोदायचा उंच मनोरा आणि त्यापलीकडे डोंगरच डोंगर. उत्तरेकडच्या त्या खोऱ्यात एक कंपनी तेल आणि वायू शोधायला आली होती. खोदकाम सुरू करायची परवानगी सरकारी तपासणीवर अडलेली होती, आणि सरकार म्हणजे त्या दिवशी माझा नवरा होता. तो आणि त्याच्या साहेब, नेगी मॅडम.

श्रीरंगला खाणी आणि तेलविहिरींच्या सुरक्षा खात्यात लागून वर्ष होत आलं होतं. नोकरी कायम करायची की त्याला घरी पाठवायचं, हे मॅडमच्या शेऱ्यावर होतं, आणि त्या शेरा देणार होत्या या तपासणीवरून. मॅडमची ख्याती अशी, की तपासणीला जाताना त्या स्वतःचा थर्मास आणि स्वतःचं पाणी घेऊन जात. ज्याची तपासणी करायची त्याचा चहाही प्यायचा नाही, हा त्यांचा नियम.

आणि आम्ही आदल्या रात्री कंपनीचा राजमा खाऊन, कंपनीच्या गादीवर, कंपनीचं ब्लँकेट पांघरून झोपलो होतो. सहकुटुंब.

त्याला इलाज नव्हता. आम्ही नव्या क्वार्टरवर राहायला निघालो होतो, वाटेत बर्फाने खिंड बंद झाली आणि अंधारात दिवे दिसले ते फक्त या कॅम्पचे. कॅम्पचे मॅनेजर भुल्लरसाहेब स्वतः ब्लँकेट घेऊन गाडीपर्यंत आले होते. सकाळी दुसऱ्या बाजूने रस्ता मोकळा करणाऱ्यांच्या गाडीत बसून मॅडम येताहेत असं कळलं, तेव्हा श्रीरंग म्हणाला, त्या आल्या की पहिल्यांदा हेच सांगून टाकतो. भुल्लरसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “छोड़ो ना जी. आप हमारा खयाल रखो, हम आपका.”

हे वाक्य श्रीरंगने मला येऊन सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा, दुधात माशी होती हे पिऊन झाल्यावर कळावं, तसा होता.

“मग सांग की आत्ताच,” मी म्हटलं.

“आत्ता सांगितलं तर तपासणी राहील बाजूला आणि माझीच चौकशी सुरू होईल. आधी काम होऊ दे. संध्याकाळी सांगतो. तोपर्यंत दार लावून बस आणि हिला गप्प ठेव.”

तो गेला. मी दार लावून बसले.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. पदवीचा उपयोग मला तोवर एकाच कामासाठी झाला होता, मुकूला काय काय होऊ शकेल याच्या शक्यता काढायला. ती नऊ महिन्यांची होती. आदल्या संध्याकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. पेज नको, केळं नको, अंगावरचंही धड नको. सर्दी म्हणावी तर नाक कोरडं. दात म्हणावे तर हिरड्या शांत. तापमापक मी तिच्या काखेत इतक्या वेळा घातला होता, की शेवटी ती तो बघून स्वतःच हात वर करायला लागली.

त्यात शेजारची खोली म्हणजे सेफ रूम. खोदताना जमिनीतून विषारी वायू वर आला, तर कॅम्पातल्या सगळ्यांनी तिथे शिरून दार लावून घ्यायचं आणि मदत येईपर्यंत बसायचं. बाहेरच्या हवेचा कणही आत येता कामा नये, ही त्या खोलीची मुख्य गोष्ट. हा वायू कसा असतो ते मी रात्री मोबाईलवर वाचून काढलं होतं. थोडा असला तर सडक्या अंड्यांसारखा वास येतो, जास्त असला तर नाकच मरतं आणि वास यायचा थांबतो. म्हणजे वास आला तर धोका आणि नाही आला तर जास्त धोका. ही माहिती आईच्या हातात द्यायची नसते. मी सकाळपासून दर थोड्या वेळाने हवा हुंगत होते.

भिंत पातळ होती. पलीकडे मॅडम, श्रीरंग आणि भुल्लरसाहेब आलेले ऐकू येत होते. भुल्लरसाहेब सेफ रूमचं गुणगान करत होते. “मैडम, अंदर बाहर की मक्खी की साँस भी नहीं आएगी.” मॅडमचा आवाज थंड आणि बारीक. त्या म्हणत होत्या, कागदावर सगळं ठीक दिसतंय.

तेवढ्यात मुकू पुन्हा कुरकुरायला लागली. मी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायला लागले. माझ्या खांद्यावरचं मलमलीचं दुपटं सुटलं आणि खाली पडायच्या ऐवजी उडत जाऊन भिंतीतल्या जाळीला चिकटलं. मी काढलं. पुन्हा चिकटलं. मी घाबरट असले तरी भुताखेतांवर माझा विश्वास नाही, त्यामुळे मी ते तिथेच राहू दिलं आणि जाळीकडे पाठ केली.

मग मी सासूबाईंना फोन लावला. कंपनीच्या वायफायवरून. म्हणजे गुन्ह्यात आणखी एक भर.

सासूबाई वाईला असतात. मुकू खात नाही म्हटल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, काल हिला कुणी कुणी बघितलं? मी आठवलं. रात्री जेवणाच्या खोलीत कॅम्पातली झाडून सगळी माणसं मुकूला बघून गेली होती. कित्येक महिने घरी न गेलेली माणसं. एकाने तिच्या पायाचा अंगठा धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. भुल्लरसाहेब तर म्हणाले होते, ये तो मक्खन का गोला है जी.

“झालं तर मग,” सासूबाई म्हणाल्या. “बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात पुरचुंडी ठेवलीय मी. मीठ, मोहऱ्या, मिरच्या. संकेश्वरी आहेत, बेताने घे.”

मी म्हटलं, आई, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. त्या म्हणाल्या, तुझा नसू दे, तू नुसती ओवाळ.

नऊ महिन्यांचं मूल उपाशी असताना विश्वासाचा प्रश्न कुणी काढत बसत नाही. दूध तापवायला खोलीत विजेची शेगडी होती, तिच्यावर मी तवा ठेवला. मूठ मुकूवरून उतरवली. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची असं म्हणत म्हणत भुल्लरसाहेबांचं नावही घातलं. मुकू रडायची थांबून मुठीकडे बघायला लागली. मग सगळं तव्यात टाकलं.

मोहऱ्या तडतडल्या. मिरच्या काळ्या पडल्या, धूर निघाला. मी मुकूचं तोंड पदराखाली धरून ठसक्याची वाट बघत उभी राहिले.

ठसका आलाच नाही.

फोन चालूच होता. “ठसका लागला का?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही.”

“तुला नाही, मुकूला नाही?”

“कुणालाच नाही. वाससुद्धा नाही फारसा.”

दृष्ट लागलेली नसेल तर मिरच्यांचा ठसका लागतो, लागलेली असेल तर लागत नाही, हे मलाही लहानपणापासून माहीत होतं. जितका ठसका कमी तितकी दृष्ट मोठी. इथे तर संकेश्वरी मिरच्या जळून कोळसा होत होत्या आणि माझ्या नाकाला हुळहुळही नव्हती.

“अगं बाई,” सासूबाई म्हणाल्या. “जबरदस्त आहे. सगळी पुरचुंडी ओत.”

मी सगळी ओतली.

छतावर धुराची सूचना देणारी पांढरी डबी होती. ती लाल दिवा मिचकावत गप्प बसून राहिली. धूर तव्यावरून उठायचा, शहाण्या मुलासारखा वाकडा वळायचा आणि जाळीकडे जायचा. मी हे डोळ्यांनी बघत होते. पण डोक्यात फक्त एवढंच होतं, की माझ्या मुलीला सबंध कॅम्पाची दृष्ट लागलीय.

मग भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं.

आधी एक. मग दोन. मग मॅडमचा बारीक आवाज मध्येच तुटला आणि तिथून असा काही खोकला सुरू झाला, की पातळ भिंत थरथरली. भुल्लरसाहेब “कुछ नहीं, कुछ नहीं” म्हणत खोकत होते. कुणीतरी “गॅस” म्हणून ओरडलं, आणि भोंगा झाला.

भोंगा झाला की काय करायचं हे कॅम्पातल्या माणसांना चांगलं शिकवलेलं होतं. ती सेफ रूमकडे धावायची. तशी ती धावली. जड बूट, हेल्मेटं, एकाच्या गालावर अर्धा साबण. आणि त्याच वेळी सेफ रूममधून तिन्ही साहेब जीव घेऊन बाहेर पळत होते. अरुंद बोळात दोन्ही बाजू भिडल्या. बाहेरच्यांना आत जायचं होतं, आतल्यांना बाहेर. थोडी माणसं आत शिरली आणि शिरल्या पावली खोकत परतली. मी दार किलकिलं करून बघत होते. मुकू माझ्या कडेवर होती आणि कालपासून पहिल्यांदा हसत होती.

गोंधळ निवळल्यावर बोळात सगळे डोळे पुसत उभे राहिले. भुल्लरसाहेबांना सगळ्यात आधी सूर सापडला. त्यांनी मॅडमना सांगितलं की हा वायू नाहीच, ही मिरची आहे. आचारी रतनसिंगने फोडणी दिली असणार आणि सेफ रूमचं दार आपण तपासणीसाठी उघडलं तेव्हा धूर आत आला असणार. खोलीत दोष नाही, दोष माणसात. रतनसिंगला आजच्या आज घरी पाठवतो, आपण सही करून घेऊ.

रतनसिंग डाव हातात घेऊन उभा होता. डावातून कढी ठिबकत होती. तो म्हणाला, फोडणी अजून द्यायचीय. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मी श्रीरंगकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातात सहीचा कागद होता. संकेश्वरीचा वास त्याला कळला नाही असं होणारच नव्हतं, त्या वासात तो लहानाचा मोठा झालाय. त्याची नजर सावकाश वळत सात नंबरच्या दारापर्यंत आली आणि फटीत मी दिसले.

गप्प राहिलो असतो तर सगळं सुरळीत होणार होतं. कागदावर सही झाली असती, मॅडम संध्याकाळी निघून गेल्या असत्या, शेरा चांगला मिळाला असता. रतनसिंगने दुसरीकडे नोकरी धरली असती. आणि पुढच्या महिन्यापासून ही माणसं, मुकूच्या पायाचा अंगठा धरणारा धरून, भोंगा झाला की त्या खोलीत शिरून दार लावून बसणार होती.

मी दार उघडून बाहेर आले. एका हातात मुकू, दुसऱ्या हातात धुमसणारा तवा.

“मिरच्या मी जाळल्या,” मी म्हटलं. “या खोलीत. दार बंद करून.”

“मॅडम,” श्रीरंग त्याच क्षणी म्हणाला, “ही माझी बायको.”

मॅडम माझ्यापर्यंत आल्या. ठेंगणी बाई, लोकरी टोपी, नाक लाल. त्यांनी तव्यात वाकून बघितलं, मुकूकडे बघितलं, आणि प्रश्न विचारला तो असा, की मला वाटलं फोन अजून चालूच आहे.

“खाँसी आई थी? कमरे में?”

मी म्हटलं, नाही. अजिबात नाही.

मॅडम सात नंबरमध्ये गेल्या. जाळीला चिकटलेलं दुपटं त्यांनी काढलं, सोडलं. ते उडत जाऊन पुन्हा चिकटलं. त्यांनी तीनदा तसं केलं. मग त्यांनी भुल्लरसाहेबांना विचारलं, सेफ रूममध्ये हवा कुठून येते.

भुल्लरसाहेबांनी घाम पुसला. बाहेर पाणी गोठत होतं आणि त्यांना घाम आला होता. पण माणूस हरणाऱ्यातला नव्हता. “मैडम, आप भी पहाड़ की हो, मैं भी गाँव का हूँ,” ते म्हणाले. “खाँसी नहीं आई, मतलब बच्ची को नज़र तगड़ी लगी थी. इसमें पाइप का क्या कसूर?”

मागे दोघातिघांनी मान डोलावली. एक जण म्हणाला, बरोबर आहे, माझ्या भाचीच्या वेळी असंच झालं होतं. मॅडमनी श्रीरंगकडे बघितलं. खात्याच्या नियमांत दृष्टीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा मी बोलले. इतक्या वर्षांत माझ्या एम.एस्सी.ला पहिल्यांदा काम मिळालं होतं. मी म्हटलं, एका निरीक्षणावरून काही ठरवता येत नाही. खोली तीच ठेवायची आणि माणूस बदलायचा. दोष दृष्टीत असेल तर माणूस बदलल्यावर खोलीत ठसका लागेल. जाळीत असेल तर नाही लागणार.

“दुसरा माणूस कोण?” मॅडमनी विचारलं.

मी भुल्लरसाहेबांकडे बघितलं.

त्यांना पलंगावर बसवलं. माझी पुरचुंडी संपली होती, तर रतनसिंगने मूठभर मिरच्या आणून दिल्या, त्याही आनंदाने. सेफ रूमचं दार आतून लावून श्रीरंग आणि दोन कामगार आत बसले. मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी भुल्लरसाहेबांवरून मूठ उतरवली. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून, मुंज लागलेल्या मुलासारखे समोर बघत होते. मध्येच हळूच म्हणाले, “ठीक से उतारना भाभीजी, सच में बहुत लोग जलते हैं मुझसे.”

मिरच्या तव्यात पडल्या. आम्ही तिघं एकमेकांच्या नाकांकडे बघत राहिलो. भुल्लरसाहेब मन लावून खोकायचा प्रयत्न करत होते, पण ते काही जमत नव्हतं. भिंतीपलीकडे मात्र माझा नवरा आणि दोन कामगार असे खोकत होते, की शेवटी मॅडमनीच जाऊन दार ठोठावलं, बाहेर या म्हणून.

भुल्लरसाहेबांनी एकदा म्हणून बघितलं, की मलाही तगडीच लागली असेल. मॅडमनी जाळीकडे बोट दाखवलं. मग भुल्लरसाहेबांनी सांगून टाकलं. बाहेरची बर्फासारखी हवा तापवायला डिझेल फार जातं, म्हणून सेफ रूमसाठी आजूबाजूच्या खोल्यांतली तापलेली हवाच ओढून घेतली होती. वायू या खोल्यांत शिरला असता, तर हवा ओढणाऱ्या पंख्याने तो आपल्या हाताने नेऊन सेफ रूममध्ये सोडला असता. सगळी माणसं दार लावून बसलेली असताना.

बोळात अंगठेवाला माणूस सेफ रूमच्या दाराकडे बघत होता.

परवानगी थांबली. श्रीरंगने तो कागद फाडला वगैरे काही नाही, घडी घालून मॅडमच्या हातात दिला आणि रात्रीपासूनचं सगळं सांगितलं. राजमा, गादी, ब्लँकेट, वायफाय. भुल्लरसाहेबांचं वाक्यही.

“राजमा कैसा था?” मॅडमनी विचारलं.

“चांगला होता,” तो कसनुसा होऊन म्हणाला.

“सकाळीच सांगायचं होतंत, वाळिंबे.”

“हो, मॅडम.”

त्यांनी कागद कोटाच्या खिशात ठेवला. तेवढ्यात माझं कडेवर लक्ष गेलं, तर मुकूने रतनसिंगच्या डावाला तोंड लावलं होतं आणि ती कढी चाटून खात होती. डाव सगळा स्वच्छ केला आणि आणखी मागितली. यावर मी आजही काही मत देत नाही, कारण हे एकच निरीक्षण आहे.

दुपारी रस्ता मोकळा झाला. आमचं सामान श्रीरंग गाडीत भरत होता. त्याची पाठ मला दिसत होती आणि नोकरी गेलीच समजून मी मनात तेच सामान क्वार्टरऐवजी वाईला नेत होते. मॅडम आल्या होत्या त्याच गाडीत चढल्या, उतरल्या, आणि बर्फातून चालत माझ्याकडे आल्या. थर्मासमधला चहा टोपणात ओतून त्यांनी माझ्या हातात दिला.

“वाळिंबेला सांग,” त्या हिंदीत म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात आम्ही दोघं इथे परत तपासणीला येणार आहोत. त्याने स्वतःचा डबा आणायचा.”

मला वाक्य कळायला वेळ लागला. कळल्यावर मी चहा एका दमात पिऊन टाकला.

मॅडम तरी जाईनात. त्यांनी मागे वळून बघितलं. मनोऱ्याखाली भुल्लरसाहेब फोनवर कुणाशी तरी बोलत होते, बोलता बोलता आमच्याकडे हात करत होते. मॅडमचा आवाज खाली आला. “कल दिल्ली में यही रिपोर्ट रखनी है. बड़े-बड़े लोग बैठे होंगे, और सब मुझे ही देखेंगे.” त्यांनी लोकरी टोपी काढून हातात घेतली. केस पांढरे होते. “मेरी भी उतार दे, बेटी.”

रतनसिंगच्या मिरच्यांतल्या दोनच उरल्या होत्या, माझ्या कोटाच्या खिशात. श्रीरंगने पत्र्याच्या डब्यात लाकडाच्या ढलप्या पेटवून दिल्या, काही न विचारता. बर्फाच्या मधोमध, उघड्या आभाळाखाली, मी सरकारच्या डोक्यावरून मूठ उतरवली. आल्यागेल्याची, दिल्लीतल्याची, कंपनीतल्याची. मॅडम डोळे मिटून उभ्या होत्या. दोन्ही मिरच्या मी जाळात टाकल्या.

वारा नव्हता. धूर सरळ वर यायला लागला. आम्ही दोघी डब्यावर वाकून वाट बघत राहिलो.

आणि मॅडमना ठसका लागला. मग मला. मग मागे उभ्या असलेल्या श्रीरंगला. मॅडम गुडघ्यांवर हात ठेवून खोकत होत्या, नाका-डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि खोकता खोकता माझा हात घट्ट धरून त्या हसत होत्या.